पीजीला सायकियाट्री (मानसोपचार) घेऊ का? घरात सगळ्यांचा विरोध आहे

इंटर्नशिप_संपली

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातली. इंटर्नशिप संपली, नीट-पीजीचा निकाल लागला, रँक ठीकठाक आहे. रेडिओलॉजी, स्किन, मेडिसिन यांचं नावच काढायला नको. गेल्या वर्षीचे कटऑफ बघता सरकारी कॉलेजात अ‍ॅनेस्थेशिया (भूलशास्त्र) किंवा सायकियाट्री मिळेल असं दिसतंय. मला सायकियाट्री पहिल्या नंबरला टाकायची आहे. चॉईस फिलिंगला थोडेच दिवस उरलेत आणि घरात रोज संध्याकाळी याच विषयावर सभा भरते.

वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्यांचं एकच म्हणणं, "साडेपाच वर्षं डॉक्टरकी शिकलीस ती लोकांशी गप्पा मारायला?" काका जनरल प्रॅक्टिशनर आहेत. ते म्हणतात, तीन वर्षांत स्टेथो कुठे ठेवलाय तेही विसरशील, आणि तालुक्याच्या गावात असल्या ओपीडीची पायरी दिवसाढवळ्या कोणी चढत नाही. आत्याला वेगळीच काळजी, बायोडाटात 'वेड्यांची डॉक्टर' लिहिलं तर स्थळं कशी यायची. आई फारसं बोलत नाही, पण परवा भाजी निवडता निवडता म्हणाली, "भूल घेतलीस तर निदान ऑपरेशन थिएटरात तरी असशील."

मला ही ब्रांच का हवी, तर पोस्टिंगमध्ये बघितलेली एक बाई. जत तालुक्यातली. कित्येक दिवस बोलणं नाही, खाणं नाही, हात वर करून ठेवला की तसाच वर. अंगात आलंय समजून घरच्यांनी सगळे उपाय करून झालेले. सरांनी लोराझेपामचं इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळाने ती उठून बसली, पाणी मागितलं. नवऱ्याला रडू फुटलं. इतर कुठल्याही वॉर्डात मी असं काही पाहिलं नव्हतं.

तर विचारायचंय ते असं. यात डॉक्टरकी खरंच उरते का? पैसा किती वर्षांनी दिसतो? दिवसभर लोकांची दुःखं ऐकून आपलं काय होतं? मारहाण होते का? आणि मुलीने एकटीने तालुक्याला असा दवाखाना टाकावा का? गुळमुळीत नको, खरं ते सांगा.

---

रात्रपाळी

मुंबईत महापालिकेच्या कॉलेजात सेकंड इयर. काल इमर्जन्सी होती, झोप झालेली नाही, शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करा.

काकांना कालच्या रात्रीचे रेफरन्स, म्हणजे दुसऱ्या वॉर्डांतून आम्हाला आलेले कॉल, वाचून दाखव. पहिला ऑर्थोच्या वॉर्डातून. मांडीचं हाड मोडलेला माणूस, अ‍ॅडमिट होऊन तिसरा दिवस. भिंतीवर मुंग्या दिसतायत म्हणतो, सलाईन उपटून टाकलेलं, हात थरथरतायत, घामाने चादर ओली, नाडी १३० च्या वर. कॉल बुकवर लिहिलेलं, 'अ‍ॅग्रेसिव्ह, सायक ओपिनियन'. हाड मोडलं त्या दिवसापासून दारू बंद, म्हणजे दारूलाही तिसरा दिवस, हे कोणी विचारलंच नव्हतं. डिलिरियम ट्रेमेन्स, दारू एकदम सुटल्यावर भान हरपतं ते. यात माणूस मरू शकतो. लोराझेपाम सुरू केलं, आणि ग्लुकोजच्या आधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व). क्रम चुकला तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. दुसरा रेफरन्स मेडिसिनमधून, एक आजी 'अचानक वेड्यासारखं बोलतेय'. रक्तातलं सोडियम ११४, फारच खाली. ती आमची पेशंटच नव्हती, पण ते आम्हीच शोधलं.

तिसरा विशीतला मुलगा, जीव द्यायला निघालेला, वाचला. दारात हवालदार जबाबासाठी उभा. आईचा पहिला प्रश्न, "डॉक्टर, पोराला जेलात टाकतील का?" २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ म्हणतं की असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरून चालायचं. आणि आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं दंड संहितेचं जुनं कलम ३०९ नव्या न्याय संहितेत आलेलंच नाही. हे तिला सांगितल्यावर ती खाली बसली आणि मग कुठे मुलाबद्दल बोलायला लागली.

मारहाणीचं विचारलंस. एकदा थोबाडीत खाल्लीय. कॅज्युअल्टीतल्या मेडिसिनच्या मित्राने माझ्यापेक्षा जास्त खाल्लीय, तीही नातेवाइकांकडून. पेशंटला कधी दार आणि आपण यांच्यामध्ये बसवायचं नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात.

झोप सर्जरीवाल्यांपेक्षा मिळते, हे खरं. पण पहिल्या वर्षी एकेका पेशंटची हिस्टरी घ्यायला दोन-अडीच तास जातात. पेशंट एक सांगतो, बायको दुसरं, भाऊ तिसरं. सकाळी राऊंडला मॅडम विचारतात, "नोकरी आधी सुटली की आवाज आधी ऐकू यायला लागले?" उत्तर नसेल तर परत जाऊन विचारून यायचं.

---

भूलवाला

मी विरुद्ध बाजूचा. सायकियाट्रीची सीट घेतली, वर्ष व्हायच्या आत सोडली, सीट सोडल्याचा दंड भरला, परत परीक्षा दिली आणि भूलशास्त्रात आलो. दोष ब्रांचचा नाही, पण इथे सगळे जण गोड बोलायच्या आत लिहून टाकतो.

तुमची जतची बाई ही लॉटरी आहे. लोराझेपामने कॅटाटोनिया, म्हणजे तिच्यासारखं गोठून जाणं, सुटताना बघितला की रेसिडेंट महिनाभर हवेत असतो. मीही होतो. पण ओपीडीतली बहुतेक माणसं अशी झटक्यात उठून बसत नाहीत. स्किझोफ्रेनियाचा एक पेशंट मला रोज राऊंडला विचारायचा, "घरी कधी?" तो दाखल होता तेवढ्या काळात आम्ही त्याची एक गोळी वाढवली, एक बंद केली, झोप सुधारली, आवाज कमी झाले. मॅडम खूश होत्या. मला त्यात काही घडलंय असं वाटायचंच नाही. संध्याकाळी घरी जाताना आज आपण काय केलं हे मला एका वाक्यात सांगता यायला हवं. आता येतं.

गंमत म्हणजे अजून आठवड्यातून ठरलेल्या दिवशी सायकियाट्रीच्याच लिस्टला जातो, ईसीटीची (विजेचा झटका देऊन फिट आणण्याचा उपचार) भूल द्यायला. सिनेमात दाखवतात तसं काही नसतं. झोपेचं औषध, मग स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलीन. पायाला आधीच बीपीचा कफ आवळून ठेवायचा म्हणजे त्या पावलात औषध पोचत नाही. फिट आलेली डोळ्यांना फक्त त्या पायाच्या बोटांत दिसते, बाकी शरीर शांत. काही मिनिटांत पेशंट जागा. भूल न देता ईसीटी देणं कायद्यानेच बंद आहे. खाणंपिणं सोडलेली, मरायला टेकलेली माणसं यातून जेवायला लागलेली मी स्वतः बघितलीत, त्यामुळे 'शॉक'बद्दल कोणी काही बोललं की मीच भांडतो.

आईंना सांगा, भूल देणाऱ्याला गावात कोणी ओळखत नाही आणि फोन मात्र रात्री दोनला येतो.

---

मांजराकाठ

लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे, बरीच वर्षं झाली. तुला 'तू' म्हणते, चालेल ना. लेकीच्या वयाची आहेस.

भूलवाल्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, बरं वाटलं. पण जतच्या त्या बाईबद्दल मला तुला वेगळंच विचारायचंय. ती घरी गेल्यावर पुढं काय झालं? गोळ्या चालू आहेत का? सासूनं बंद केल्या का? परत आली तर कोणाबरोबर आली? हे जाणून घ्यायची उत्सुकता तुला असेल तर ही ब्रांच तुझी. इंजेक्शननंतरच्या त्या अर्ध्या तासासाठी येणार असशील तर येऊ नकोस. माझ्या कामाचा मोठा भाग पाणी मागितल्यानंतर सुरू होतो.

एक उदाहरण देते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. टेंपो चालवणारा माणूस, बायपोलर, म्हणजे कधी मन बेफाम उसळतं, कधी पार खचतं. आजार उसळला की रात्रभर जागा, उधारीवर तीन मोबाईल, सरपंचाला शिव्या, एकदा तर टेंपोच गहाण. लिथियमवर छान बसला. आता लिथियम हे फार गुणी आणि फार मानी औषध. रक्तातलं प्रमाण ०.६ च्या खाली गेलं तर उपयोग नाही, १.२ च्या वर गेलं तर विषाकडं वाटचाल. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४२ वर, पाण्याची बोंब, माणूस दिवसभर घामात. अंगातलं पाणी आटलं की लिथियम चढतं. त्यात कंबर दुखते म्हणून मेडिकलवाल्याकडून डायक्लोफेनॅक घेतली की अजून चढतं. हात थरथरले, जीभ अडखळायला लागली, तोल जायला लागला, घरच्यांना वाटलं 'परत डोकं फिरलं' आणि त्यांनी लिथियमची गोळी वाढवून दिली. म्हणून दर उन्हाळ्याच्या तोंडावर माझ्याकडं लिथियमवाल्यांना फोन जातात. पाणी किती पिताय, दुखण्याची कुठली गोळी घेताय, लेव्हल, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि थायरॉइड कधी केलं. आता तुझ्या काकांना विचार, यात डॉक्टरकी आहे की नाही.

वडिलांच्या 'गप्पां'बद्दल. गप्पा असतातच, आणि सर्वांत अवघड कौशल्य तेच आहे. आमच्याकडं बाई कधीच 'मला उदास वाटतं' असं सांगत येत नाही. ती येते डोकं दुखतं, छातीत धडधडतं, हातापायाला मुंग्या येतात म्हणून. पिशवीत लातूरचा ईसीजी, टूडी इको, कुणी कुणी तर सोलापूरचा एमआरआय. सगळं नॉर्मल. नवरा वैतागून म्हणतो, "मॅडम, हिला काहीच नाही." हजारो रुपये घालून त्यानं ते 'काहीच नाही' विकत आणलेलं असतं. त्याला दहा मिनिटं बाहेर पाठवायचं, हीच आमची पहिली तपासणी. मुलगी म्हणून दवाखाना टाकावा का विचारतेस? अगं, बायका पुरुष डॉक्टरपुढं जे तोंडातून काढणार नाहीत ते तुझ्यापुढं काढतील. टाकच.

त्याच पिशवीत अजून एक गोष्ट सापडते, अल्प्राझोलामच्या पाकिटांचा कागद. झोपेसाठी कोणीतरी कधीतरी दिलेली, मग मेडिकलवरून परस्पर चालू. तिची सवय लागते, म्हणून ती महिनोन् महिने थोडी थोडी करत उतरवायची. यात वाहवा नाही, पेशंटही रागावतो.

देवऋषी, दर्गा, उतारे यांचं तुला ऐकायला लागेलच. मी त्यांच्याशी भांडत नाही. नवस फेडा, पण गोळी चुकवू नका, एवढंच सांगते. फक्त साखळदंडाला माफी नाही. तमिळनाडूत एरवाडीला २००१ साली आग लागली तेव्हा दर्ग्याजवळच्या आसऱ्यात बांधून ठेवलेल्या माणसांना पळताही आलं नाही. कायद्यानं आता साखळीला पूर्ण बंदी आहे. असं कुठं बांधून ठेवलेलं कळलं तर मी गप्प बसत नाही, मग नातं तुटलं तरी चालेल.

काका म्हणतात पायरी कोणी चढत नाही. निम्मं खरं आहे. म्हणून मी दवाखाना दातांच्या डॉक्टरच्या मजल्यावर घेतला. बाकं एकत्र. कोण कोणाकडं आलंय ते कळत नाही. सुरुवातीची दोन-अडीच वर्षं फार कठीण गेली, दुपारी दोन पेशंट आणि मी. आठवड्यातून एक दिवस शेजारच्या तालुक्याला एका मित्राच्या हॉस्पिटलात बसायची, शिवाय दारू सोडवण्याची शिबिरं. सर्जनसारखा एकदम पैसा येत नाही. पण मोठं मशीन घ्यायचं नसतं, कर्ज नसतं, आणि बसलेला पेशंट सहसा सोडून जात नाही. आता इतके होतात की संध्याकाळी सहानंतर नंबर बंद करावा लागतो. देशात लाख माणसांमागं एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत तर वेगवेगळ्या आजारांचे ७० ते ९२ टक्के लोक उपचाराबाहेरच सापडले. काम कमी पडेल ही भीती डोक्यातून काढ.

न आवडणाऱ्या गोष्टीही ऐक. घटस्फोटाच्या केसेसमध्ये साक्षीला बोलावणं येतं. नवऱ्याकडचे म्हणतात आजार लपवून लग्न लावलं, माहेरचे म्हणतात यांनीच वेडं केलं, आणि दोन्ही वकिलांना तुझा केस पेपर हवा असतो. त्यामुळं केस पेपर लिहायला शीक, कोर्टात वाचला जाणार आहे असं समजून लिही. दाखल करून घ्यायचं तर २०१७ च्या कायद्याची कागदपत्रं फार. पेशंट स्वतः तयार नसेल तर कलम ८९ खाली, दोन जणांनी स्वतंत्र तपासून, तेही ३० दिवसांपर्यंतच, आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला सात दिवसांत कळवायचं, बाई किंवा मूल असेल तर तीन दिवसांत. लहान दवाखान्याला हे जड जातं आणि आम्ही कुरकुर करतो. पण जुन्या पद्धतीत भावकीच्या भांडणात माणसाला 'वेडा' ठरवून आत टाकणं किती सोपं होतं ते ज्यांनी पाहिलं ते फार कुरकुरत नाहीत.

आणि दुःख ऐकण्याचं. ऐकून माणूस थकत नाही गं, त्याची सवय होते. थकवतो तो पेशंटचा मृत्यू. तुझा एखादा पेशंट आत्महत्या करेल. सगळं नीट करूनही. या ब्रांचमध्ये ते टळत नाही, जसं हृदयाच्या डॉक्टरला अटॅकचा मृत्यू टळत नाही. फरक असा की गाव तुझ्याकडं बघतं, आणि रात्री तू शेवटच्या भेटीतला एकेक शब्द आठवत बसतेस. त्या कुटुंबाला भेटायला जायचं असतं. मी जाते. पहिल्यांदा पाय उचलत नव्हता. ज्यांच्याशी हे बोलता येईल असे दोन-तीन वर्गमित्र जपून ठेव, नवऱ्याला सगळं सांगायच्या भानगडीत पडू नकोस. पेशंटचं गुपित घरी न्यायचं नसतं.

---

धाकटा भाऊ

मी डॉक्टर नाही. माझ्या थोरल्या भावाला कॉलेजच्या शेवटच्या वर्षापासून स्किझोफ्रेनिया आहे. तुमच्या गावाची मंडळी 'वेड्यांची डॉक्टर' म्हणत असतील तर म्हणू द्या. आम्ही बाकाच्या पलीकडची माणसं, म्हणून लिहितो.

सुरुवातीला आम्ही जिथे जायचो तिथले डॉक्टर गोळ्या खुडून साध्या पांढऱ्या पाकिटात द्यायचे. नाव नाही, आजार काय ते नाही. आईने विचारलं तर "टेन्शन आहे, होईल बरा." दोन वर्षं आम्ही 'होईल बरा' याच्यावर काढली. मग दुसऱ्या एका डॉक्टर बाईंनी कागदावर आजाराचं नाव लिहिलं, समोर बसवून सांगितलं की हा आजार बहुधा जन्मभर सोबत राहील, शिक्षण पूर्ण होईल की नाही सांगता येत नाही, पण तो कमावू शकेल. आई तिथेच रडली. पण त्या दिवसापासून आमचं घर चालू झालं असं म्हणतो मी.

बाकीच्या औषधांनी आवाज गेले नाहीत तेव्हा क्लोझापिन सुरू केलं. पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त, कारण पांढऱ्या पेशी एकदम घसरू शकतात. लॅबवाला ओळखीचा झाला. रात्री उशी लाळेने भिजते हे बाईंनी आधीच सांगितलं होतं म्हणून आम्ही घाबरलो नाही. न सांगणाऱ्या डॉक्टरकडे असतो तर त्याच रात्री औषध बंद केलं असतं. वजन वाढलं, साखर वाढली, त्यावरही त्याच लक्ष ठेवतात. अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढायला सिव्हिलला कसं जायचं, कोणती कागदं न्यायची, हेही त्यांनीच सांगितलं. आज भाऊ माझ्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो. हिशोब चोख. कधीकधी एकटाच हसतो, गिऱ्हाइकांना सवय झालीय.

तुमच्या आत्यांबद्दल. माझं एक ठरलेलं लग्न भावाच्या आजारावरून मोडलं होतं, त्यामुळे त्यांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या बाईंना मात्र तालुका नमस्कार करतो.

तुम्ही डॉक्टर झालात तर फोन उचला. रोज नाही. पण आम्ही करतो तेव्हा तो नेहमी रात्री आणि खरंच गरज असते तेव्हाच करतो.

---

लीड्सकर

इंग्लंडचा विषय कोणीतरी काढेलच, म्हणून थोडक्यात. पूर्वी इथे सायकियाट्रीच्या ट्रेनिंगच्या जागा रिकाम्या राहायच्या आणि 'तिकडे सहज मिळतं' हे भारतात पसरलं. आता तसं राहिलेलं नाही, गेल्या काही वर्षांत अर्ज बेसुमार वाढलेत. तीन वर्षं कोअर ट्रेनिंग, एमआरसीसायक या इथल्या सायकियाट्रीच्या परीक्षेचे दोन लेखी पेपर, मग सीएएससी नावाची प्रात्यक्षिक परीक्षा, त्यानंतर अजून तीन वर्षं वरचं ट्रेनिंग. एमडी करून आलात तर हात तयार असतो, पण शिडी बहुधा खालूनच चढावी लागते.

सीएएससीमध्ये नट-नट्या पेशंट बनून बसतात आणि ठरलेल्या मिनिटांत तुम्ही त्यांच्याशी कसं बोलता ते बघतात. मी सोलापूरच्या ओपीडीतून आलो होतो, जिथे दुपारपर्यंत बाहेरची रांग संपवायची असते. सावकाश प्रश्न विचारून मग गप्प बसायला शिकण्यात माझं बरंच आयुष्य गेलं. ही सवय तिकडेच लावून घे.

गोव्याला बांबोळीचं आयपीएचबी हा पर्यायही बघ. सायकियाट्रीचीच वेगळी संस्था, गोवा मेडिकल कॉलेजच्या जवळ. मराठी, कोकणी, हिंदी, सगळ्या भाषांतले पेशंट. त्याच गोव्यात 'संगात' संस्थेने डॉक्टर नसलेल्या, त्याच भागातल्या माणसांना शिकवून नैराश्यावर समुपदेशन करून दाखवलं, आणि २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. मांजराकाठ मॅडमनी सांगितलेला लाखामागचा हिशेब नुसत्या डॉक्टरांनी पुरा होणार नाही, हे रेसिडेंट असतानाच बघितलेलं बरं.

---

इंटर्नशिप_संपली

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना रात्रपाळी यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांनी आधी विचारलं, सोडियम किती असायला हवं. १३५ च्या वर म्हटल्यावर म्हणाले, "मग मेडिसिनवाल्यांनी का नाही बघितलं?" याला मी होकार समजतेय. आत्या अजून नाराज आहे. धाकटा भाऊ यांचं वाचून आई बराच वेळ काही बोलली नाही, मग त्या बाई कुठल्या गावच्या, एवढंच विचारलं.

आता शेवटचं. दोन कॉलेजं माझ्या आवाक्यात आहेत. एक मोठ्या शहरात, नाव मोठं. दुसरं जिल्ह्याच्या ठिकाणी, सायकियाट्री विभाग लहान. मांजराकाठ मॅडम, कशावरून ठरवू?

---

मांजराकाठ

नावावर जाऊ नकोस, तिथल्या रेसिडेंटला फोन कर. एचओडींना (विभागप्रमुखांना) नको, ते चांगलंच सांगणार.

विचारायचं असं. स्वतःचा वॉर्ड आहे का, की नुसती ओपीडी? वॉर्ड नसेल तर सरळ नाही म्हण. उसळलेला आजार दिवसेंदिवस कसा उतरतो हे ओपीडीत कधीच दिसत नाही. बायकांचा वेगळा वॉर्ड आहे का, रात्री तिथं सिस्टर असतात का. ईसीटी होते का, आणि भूल द्यायला ठरलेला माणूस येतो की दर वेळी हातापाया पडावं लागतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नेमलेला आहे का. नसेल तर आयक्यू टेस्ट, थेरपी हे तू पुस्तकातच वाचशील. लहान मुलांची ओपीडी वेगळ्या दिवशी असते का. तालुक्याला आल्यावर निम्मी गर्दी 'पोरगं शाळेत बसत नाही' याचीच असते, आणि मला ते प्रॅक्टिसमध्ये येऊन शिकावं लागलं. पुढं बालमानसोपचारात किंवा व्यसनांमध्ये डीएम (एमडीच्या पुढची पदवी) करायचं मनात आलं तर बंगळुरूचं निम्हान्स आहे, चंदीगडचं पीजीआय आहे, पण तो आत्ताचा प्रश्न नाही.

ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी, या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी कुठं पोस्टिंग होतं का तेही बघ. होत असेल तर चुकवू नकोस. बरी होऊनही घरचे नेत नाहीत म्हणून वर्षानुवर्षं राहिलेली माणसं तिथं भेटतात. त्यांच्या घरच्यांना फोन लावून बघायचं काम तुझ्याकडं आलं तर ते घे. पत्ता जुना असतो, भाऊ म्हणतो जागा नाही, आणि तरी एखाद्याला न्यायला कोणीतरी येतं.

लहान विभागाची मला भीती वाटत नाही. शिकवणारा एक जरी रोज राऊंड घेत असेल तर पुरे. मोठ्या नावाच्या कॉलेजात पेशंट ढीगभर, पण प्रत्येकाला तीन मिनिटं, असंही असतं. बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, एक वर्ष दोन्हीकडं आहेच, ते जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मिळालं तर घे, तालुक्याचे कॅम्प फिरून आपली जागा कुठली ते कळतं.

आणि हो, लिथियमची लेव्हल कॉलेजच्या लॅबमध्येच होते का, रिपोर्ट त्याच दिवशी येतो का, हे विसरू नकोस विचारायला.